कंट्रोल म्हणजे नियंत्रण, पण दर वेळी नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करताना 'कंट्रोल' हा शब्द चाळीसेक ठिकाणी आला, तुम्ही सगळीकडे 'नियंत्रण' लिहिलं, आणि तपासणाऱ्याने निम्म्या जागी लाल खुणा करून 'ताबा', 'तपासणी', 'नियमन', 'अंकुश' असं काय काय सुचवलं. हे सगळे एकाच अर्थाचे शब्द नाहीत का? नसतील तर फरक नेमका कुठे?

मी तीसेक वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये (कारखान्यातली मोजमापाची आणि नियंत्रणाची उपकरणं सांभाळण्यात) काढली, म्हणजे कंट्रोल हाच पोटापाण्याचा धंदा. नंतर ऑपरेटरना मराठीतून शिकवणं आणि अशाच पुस्तिका तपासणं हे काम लागलं, त्यामुळे लाल पेन माझ्याही हातात असतं. तुमच्या तपासणाऱ्याचं बहुतेक बरोबर आहे. 'अंकुश' मात्र मी काढून टाकला असता. का, ते पुढे येईलच.

आमच्या धंद्यात नियंत्रण म्हणायला तीन गोष्टी लागतात. किती हवं ते ठरलेलं असलं पाहिजे, आत्ता किती आहे ते दिसलं पाहिजे, आणि दोन्हींतली तफावत मिटवायला हाताशी काहीतरी असलं पाहिजे. टाकीत पाणी ६० टक्के हवं, हा सेट पॉइंट. पातळी मोजून कळवणारा ट्रान्समीटर ५५ दाखवतोय. म्हणून कंट्रोलर व्हॉल्व्ह थोडा उघडतो, पुन्हा बघतो, पुन्हा हलवतो. यातलं एक काढा, की शब्द बदलला. दिसतंय पण हात पोचत नाही, तर ती नुसती देखरेख. हात आहे पण दिसत नाही, तर तो अंदाजपंचे कारभार. आणि किती हवं हेच ठरलेलं नाही पण हात मात्र भरपूर आहे, तर तिला मी सत्ता म्हणेन, नियंत्रण नाही म्हणणार.

एक रात्र सांगतो. वाफेच्या हेडरचा, म्हणजे सगळीकडे वाफ वाटून देणाऱ्या मुख्य नळाचा, दाब १० किलोवर ठेवायचा होता. पडद्यावर लूप (मोजणं, ताडणं, व्हॉल्व्ह हलवणं हे चक्र) ऑटोला, सेट पॉइंट १०, दाब १०, व्हॉल्व्हचं आउटपुट ४२ टक्के. शिफ्ट सोपवताना ऑपरेटर म्हणाला, "साहेब, एकदम कंट्रोलमध्ये आहे." पहाटे तीनच्या सुमारास वाफ खाणारं एक मोठं युनिट ट्रिप झालं, मागणी घटली आणि दाब चढायला लागला. कंट्रोलरने आउटपुट ४२ वरून ३० वर आणलं, मग १५ वर. दाब चढतोच आहे. टॉर्च घेऊन खाली धावलो, तर व्हॉल्व्हचा स्टेम, म्हणजे दांडा, जिथल्या तिथे. कुणीतरी गळती थांबवायला दांड्याभोवतीची ग्लँड इतकी आवळली होती की दांडा हलायलाच तयार नव्हता. शेवटी अलीकडचा हाताचा व्हॉल्व्ह दोघांनी मिळून फिरवला तेव्हा दाब उतरला. पडद्यावरचे ४२ टक्के म्हणजे व्हॉल्व्हला दिलेलं फर्मान होतं. व्हॉल्व्ह खरोखर कुठे उभा आहे हे त्या आकड्यात नव्हतंच. संध्याकाळपासून त्या दाबावर कुणाचंच नियंत्रण नव्हतं. मागणी स्थिर होती म्हणून दाबही स्थिर होता, इतकंच. तेव्हापासून 'स्थिर आहे' आणि 'नियंत्रणात आहे' ही दोन वाक्यं मी कधी एकमेकांच्या जागी वापरू दिली नाहीत. स्थिर आहे हे डोळ्यांनी दिसतं. नियंत्रणात आहे की नाही, ते काहीतरी बिघडल्यावरच कळतं.

आता शब्दाकडे. कंट्रोलचा जन्म कारखान्यातला नाही, तो हिशेबाच्या चोपडीतला आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'काँट्रारोतुलुस' म्हणजे मूळ गुंडाळीसमोर धरायची दुसरी गुंडाळी. एकाने जमाखर्च लिहायचा, दुसऱ्याने त्याच व्यवहारांची वेगळी नोंद ठेवायची, आणि दोन्ही ताडून पाहायच्या. तिथून तो फ्रेंचमध्ये आला, फ्रेंचमधून इंग्रजीत गेला. मराठीत या क्रियेला अस्सल शब्द आहे: ताळा. बेरीज केली की ताळा पाहायचा, वर्षअखेरीला ताळेबंद मांडायचा. आणि गंमत अशी, की भरकटलेल्या माणसालाही आपण ताळ्यावरच आणतो, आणि हाताबाहेर गेलेल्याने ताळतंत्र सोडलं म्हणतो. कंट्रोलला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द कोणता, असं कुणी मला विचारलं तर मी आधी 'ताळा' म्हणेन, मग 'नियंत्रण'. पुस्तिकेत तो चालणार नाही, हे वेगळं.

हा ताडून पाहण्याचा अर्थ इंग्रजीत मागे पडला, फ्रेंच आणि जर्मनमध्ये तो अजून ठळक आहे. तिथे कंट्रोल म्हणजे प्रामुख्याने तपासणी. याचा फटका मी स्वतः पाहिला आहे. एका कॉम्प्रेसरची मूळ पुस्तिका फ्रेंच, तिचं घाईत केलेलं इंग्रजी, त्या इंग्रजीचं मराठी. मराठीत वाक्य होतं, "दर आठ तासांनी तेलाची पातळी नियंत्रित करावी." मूळ लेखकाला म्हणायचं होतं, पातळी बघा. पण एका प्रामाणिक मुलाने 'नियंत्रित करावी' म्हणजे काहीतरी केलंच पाहिजे असं धरलं आणि दर शिफ्टला थोडं तेल ओतत राहिला. चौथ्या दिवशी तेल सीलमधून बाहेर यायला लागलं. चूक त्या मुलाची नव्हती. तुमच्या चाळीसपैकी ज्या जागी 'तपासणी' सुचवली आहे, तिथे मूळ पुस्तिका कुठल्या भाषेतली आहे ते आधी बघा.

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमातही हीच गडबड आहे. आँरी फायोल या फ्रेंच खाण-अभियंत्याने १९१६ मध्ये व्यवस्थापनाची पाच अंगं मांडली, त्यातलं शेवटचं कंट्रोल. त्याचा अर्थ होता, ठरलं तसं चाललंय ना ते पडताळून पाहणं. मराठीत 'नियंत्रण' म्हटल्यावर विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर छडी घेतलेला मुकादम उभा राहतो. 'नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि पडताळणी' असं लिहिलं असतं तर व्यवस्थापन आणि नियंत्रण यांतला फरक वेगळा शिकवावाच लागला नसता: पडताळणी हा व्यवस्थापनाचा एक भाग, व्यवस्थापन हे पुरं काम.

मुकादम का उभा राहतो? कारण 'नियंत्रण' हा शब्दच वेगळ्या घराण्यातला आहे. त्याच्या मुळाशी संस्कृतचा 'यम्' धातू, म्हणजे आवरणं, रोखून धरणं. नियम, नियमन, संयम, नियंता आणि खुद्द यंत्र, ही सगळी एकाच घरातली भावंडं. म्हणून मराठी कानाला नियंत्रणात दाब ऐकू येतो: किमतींवर नियंत्रण म्हणजे किमती चढू न देणं, गर्दीवर नियंत्रण म्हणजे गर्दी मागे रेटणं. पण संस्कृतात रथ हाकणाऱ्याला 'यंता' म्हणत, आणि सारथ्याचं काम घोडे थांबवून ठेवण्याचं नसतं. वाट सोडली की ओढायचं, रेंगाळले की सोडायचं. तिकडे ग्रीकमध्ये सुकाणू धरणाऱ्याला 'कुबेर्नेतेस' म्हणत. त्यावरून नॉर्बर्ट वीनरने १९४८ मध्ये नियंत्रणशास्त्राला 'सायबरनेटिक्स' हे नाव दिलं, आणि त्याच शब्दातून लॅटिनमार्गे 'गव्हर्नर' आला. निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये ज्या गणिताने आजचा पीआयडी कंट्रोलर शक्य केला, ते त्यांना जहाजाचे सुकाणूधारी बघूनच सुचलं: अनुभवी सुकाणूवाला फक्त आत्ता किती अंशांनी चुकलंय ते बघत नाही, किती वेळ चुकतंय आणि किती वेगाने चुकतंय तेही बघतो. म्हणजे जुना अर्थ पकडला तर 'नियंत्रण' शब्दात काही खोट नाही. आपण त्यातला फक्त लगाम ओढण्याचा भाग शिल्लक ठेवला.

आता अंकुश. हत्तीच्या मस्तकावर टोचायचं आकड्याचं हत्यार. आपण वापरतो तो अर्थ एकाच दिशेचा: अति होऊ न देणं. दरवाढीवर अंकुश असतो, दर घसरू नयेत म्हणून अंकुश कुणी लावत नाही. लगाम, आळा, चाप, पायबंद, सगळे त्याच वर्गातले. खरं नियंत्रण दोन्हीकडून चालतं. तापमान वाढलं तर उतरवायचं, उतरलं तर चढवायचं. म्हणून 'तापमानावर अंकुश' हे यंत्राच्या पुस्तिकेत चूकच. वर्तमानपत्राच्या मथळ्यात खुशाल असू दे, तिथे जागा कमी असते.

वचक, धाक, दरारा, जरब यांची जातच निराळी. यांना हात लावावा लागत नाही. मास्तर वर्गात नसतानाही पोरं गप्प बसतात तो वचक. मास्तर येऊन गप्प करतात ते नियंत्रण. वचक नुसता 'असतो', नियंत्रण 'ठेवावं' लागतं.

'ताबा' हा मला सगळ्यात मजेदार वाटतो, आणि सगळ्यात जास्त घोटाळा त्याचाच होतो. शब्द अरबी, त्याच्या मुळात मागोमाग येणं, अधीन असणं, ताबेदार त्यातूनच. मराठीने त्याला दोन प्रत्यय लावून दोन अर्थ दिले आहेत. 'घराचा ताबा' मिळतो, 'गाडीवरचा ताबा' सुटतो. चा-ची-चे लागलं की वस्तू कुणाच्या हातात आहे ते कळतं, वर लागलं की ती कुणाचं ऐकते ते कळतं. घराचा ताबा मिळाल्यावर घरावर ताबा मिळाला असं आपण म्हणत नाही. रागाचा ताबा आणि रागावर ताबा तर चक्क उलटे आहेत: 'रागाने त्याचा ताबा घेतला' म्हणजे राग मालक, 'त्याने रागावर ताबा मिळवला' म्हणजे तो मालक. संशयिताला पोलिस 'ताब्यात घेतात', 'नियंत्रणात घेतात' असं कुणी लिहीत नाही. तिथे माणूस हातात असण्याला महत्त्व आहे, तो कसा वागतो याला नाही.

हातात असणं आणि नियंत्रण असणं यांतला फरक कायद्यांनीही नेमका पकडला आहे. युरोपचा माहिती-संरक्षण कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात 'कंट्रोलर' आणि 'प्रोसेसर' अशा दोन भूमिका आहेत. लोकांची माहिती ज्याच्या सर्व्हरवर पडून आहे, जो तिच्यावर रात्रंदिवस प्रक्रिया करतो, तो प्रोसेसर. ती कशासाठी आणि कुठल्या मार्गाने वापरायची हे जो ठरवतो, तो कंट्रोलर, मग त्याने ती माहिती डोळ्यांनी पाहिलेलीही नसो. पहिल्याकडे ताबा, दुसऱ्याकडे नियंत्रण. मराठी मसुद्यात दोघांनाही 'नियंत्रक' लिहिलेलं मी पाहिलं आहे, आणि मग जबाबदारी कुणाची हे त्या मसुद्यावरून कुणालाच सांगता येईना.

मालकी आणि प्रभाव यांचंही तसंच. आंतरराष्ट्रीय लेखा मानकांत एका कंपनीचं दुसरीवर नियंत्रण आहे म्हणायला तिच्या कारभाराचे महत्त्वाचे निर्णय घेण्याची सत्ता लागते, तिच्या कमी-जास्त होणाऱ्या परताव्याची झळ किंवा लाभ लागतो, आणि ती सत्ता वापरून तो परतावा बदलता यावा लागतो. तिन्ही एकत्र हवेत. २० टक्के किंवा त्याहून जास्त मताधिकार असेल तर, उलटं सिद्ध होईपर्यंत, 'लक्षणीय प्रभाव' धरतात. प्रभावी माणसाचं ऐकून घेतात. नियंत्रण असलेल्याचं ऐकावं लागतं. समभाग निम्म्याहून कमी असूनही नियंत्रण असू शकतं, बाकीचे भागधारक विखुरलेले असले तर.

नियमन आणि नियंत्रण यांत मी स्वतः बरीच वर्षं गोंधळ केला, कारण आमच्या शास्त्रातच 'रेग्युलेटर' नावाचा प्रकार आहे. ठरलेला आकडा न बदलता बाहेरचे धक्के पचवत राहायचं, ते नियमन. आणि आकडाच सतत बदलतोय, त्याच्या मागे धावायचं, ते सर्व्होचं काम. दोन्ही कंट्रोलच. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला गरगरणाऱ्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला (पवनचक्क्यांत ही युक्ती आधीपासून होती), तो पक्का नियामक: वेग वाढला की गोळे वर फेकले जातात आणि वाफ कमी होते, वेग उतरला की गोळे खाली येतात आणि वाफ वाढते. समाजात मात्र नियमन म्हणजे नियम घालून देणं. नियामक संस्था व्यवहार स्वतः चालवत नाही, चौकट आखते आणि चौकट मोडणाऱ्याला दंड करते. तुमच्या पुस्तिकेत 'प्रेशर रेग्युलेटर' असेल तर तो 'दाब नियामक'. 'फ्लो कंट्रोल' असेल तर 'प्रवाह नियंत्रण'. इथे डोकं फार चालवू नका.

संयम स्वतःचाच असतो, दुसऱ्यावर ठेवता येत नाही. एवढं पुरे.

पण 'आवरणे' सोडवत नाही. मराठीत घर आवरतात, स्वतःला आवरतात, रडू आवरतात, उशीर झालेल्याला 'आवर लवकर' म्हणतात, आणि भाषण लांबलं की आवरतं घेतात. पसारा जागच्या जागी लावणं आणि भावनेला जागेवर धरणं, दोन्हींना एकच क्रियापद. जे जागेवर राहत नाही ते 'अनावर'. एवढा सरस शब्द असताना 'अश्रूंवर नियंत्रण ठेवता आले नाही' का लिहायचं, ते मला समजत नाही.

'आटोक्यात' आणि 'नियंत्रणात' जवळजवळ सारखे, पण पूर्ण नाहीत. आग आटोक्यात आली म्हणजे ती आता पसरत नाही, आपल्या आवाक्यात आहे, विझलेली नाही. साथीच्या रोगांच्या बाबतीत ही पायरी फार काटेकोर आहे. 'नियंत्रण' म्हणजे रोग चालवून घेता येईल इतका खाली आणला, पण उपाय थांबवले की तो परत येणार. एखाद्या प्रदेशात नवे रुग्ण शून्यावर येणं ही पुढची पायरी. जगातूनच नाहीसा होणं ही शेवटची, आणि माणसांच्या रोगांपैकी ती आजवर एकट्या देवीने गाठली. ८ मे १९८० रोजी तशी अधिकृत घोषणा झाली. शेवटच्या दोन पायऱ्यांना मराठीत आपण सरसकट 'निर्मूलन' म्हणतो, ते एक वेळ चालेल. 'नियंत्रण' तिथे लिहिलं तर मात्र अर्थ खालच्या पायरीवर घसरतो. मधुमेह नियंत्रणात आहे म्हणणारा रुग्ण गोळ्या बंद करतो, तेव्हा त्याने हाच घोळ केलेला असतो.

आता दोन जागा, जिथे 'नियंत्रण' लिहिल्यावर वाचक हमखास फसतो.

पहिली, गुणवत्ता विभागातली. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये कंट्रोल चार्ट काढला. मधोमध सरासरीची रेघ, वर-खाली तीन-तीन प्रमाण विचलनांवर (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) दोन मर्यादा. ठिपके त्यांच्या आत, कुठलाही ठराविक आकृतिबंध न करता पसरलेले असले की प्रक्रिया 'नियंत्रणात'. पण याचा अर्थ माल चांगला असा नाही! त्या मर्यादा प्रक्रियेच्या स्वतःच्या सवयीवरून काढलेल्या असतात, ग्राहकाच्या मागणीवरून काढलेल्या नसतात. प्रक्रिया पूर्ण नियंत्रणात राहून रोज तितकाच खराब माल काढू शकते. इथे 'नियंत्रणात' म्हणजे 'नेहमीसारखं'. आणि नेहमीसारखं असताना ऑपरेटर प्रत्येक ठिपक्यामागे धावून मशीनची सेटिंग हलवायला लागला, तर फरक कमी होण्याऐवजी वाढतो. मी नवख्यांना सांगायचो, ठिपका आत आहे ना, मग हात खिशात. हेही नियंत्रणच.

दुसरी, प्रयोगातला 'कंट्रोल ग्रुप'. याला 'नियंत्रण गट' किंवा 'नियंत्रित गट' लिहितात आणि वाचणाऱ्याला वाटतं, या लोकांना कसल्या तरी बंधनात ठेवलं होतं. खरं तर त्यांना काहीच केलेलं नसतं, किंवा नेहमीचाच उपचार दिलेला असतो. ते असतात ते ताडून पाहायला. जेम्स लिंडने १७४७ मध्ये जहाजावरच्या स्कर्व्हीच्या (क जीवनसत्त्वाअभावी होणाऱ्या रोगाच्या) १२ रुग्णांच्या सहा जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला वेगळी गोष्ट दिली: एकीला सायडर, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, एकीला संत्री-लिंबं. फळंवाली जोडी झपाट्याने सुधारली. बाकीच्या जोड्या नसत्या तर त्या सुधारण्याला काहीच अर्थ नव्हता. ती मूळ गुंडाळीसमोरची दुसरी गुंडाळी, हिशेबाच्या चोपडीतून थेट प्रयोगशाळेत आलेली. म्हणून मी 'तुलना गट' लिहितो. प्रयोगशाळेतले लोक नमुन्याबरोबर 'कंट्रोल लावतात' तेही हेच: ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना, यंत्र खरं बोलतंय का ते बघायला.

तेव्हा तुमची पुस्तिका उघडून मी असा चाललो असतो. ज्या वाक्यात आकडा दिलाय आणि तो धरून ठेवायचाय, तिथे 'नियंत्रण' ठेवा. नुसतं बघायचं असेल तिथे 'तपासा'. यंत्र कुणाच्या हाती आहे हा मुद्दा असेल, जसं आणीबाणीत यंत्र ऑटोवरून काढून माणसाकडे घ्यायचं, तिथे 'ताबा घ्या'. अति होऊ नये एवढंच सांगायचं असेल तर 'मर्यादा' पुरते. 'कंट्रोल रूम', 'कंट्रोल पॅनेल', 'रिमोट कंट्रोल' यांना हात लावू नका. 'नियंत्रण कक्ष' निदान कानाला सवयीचा आहे, पण पॅनेलला 'नियंत्रण फलक' म्हणाल तर रात्रीच्या शिफ्टला तो कुणाला सापडायचा नाही. आणि यंत्राबरोबर आलेल्या संगणकाच्या प्रकरणात 'कंट्रोल दाबून धरा' असं जे वाक्य आहे, तिथे तुम्ही 'नियंत्रण दाबून धरा' केलेलं आहे का, ते एकदा बघून घ्या.